मदत हवी आहे: मैदानाबाहेरचं वर्तन आणि संघनिवड

नमस्कार मंडळी. माझा भाचा १६ वर्षांखालील क्रिकेट खेळतो. सामन्यानंतर बाहेर मुलांची मारामारी झाली, त्यात हाही होता. पोलीस तक्रार नाही, पण प्रशिक्षक म्हणतात, निवड अडेल.

२०१९ मध्ये टीव्हीवरच्या बोलण्यावरून हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुलला ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, पण निलंबन दोन आठवड्यांतच उठलं. पुढे प्रत्येकी २० लाख दंड झाला, तरी दोघं विश्वचषक खेळले. इंग्लंडच्या बेन स्टोक्सची मात्र ब्रिस्टल शहरातल्या मारामारीमुळे अख्खी ॲशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका) हुकली. निर्दोष ठरला तो नंतर, २०१८ मध्ये.

मग नेमका नियम काय? जिल्हा पातळीवर लेखी आचारसंहिता असते का? मुलाची बाजू ऐकून घेतात का? पोरगं जेवत नाहीये. कुणी निवड समितीवर काम केलं असेल तर कृपया सांगा.