सव्वासात वर्षांची मुलगी, छातीत गाठ: नाशिकमध्ये आधी काय तपासावे?

सिडकोकर: डाव्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ आहे. सहा महिन्यांत उंची ५ सेंमी वाढली. सोनोग्राफी आधी करावी का?

पंचवटी_बालरोग: नाही. आधी डाव्या हाताचा मनगटासह एक्स-रे (हाडांचे वय) आणि सकाळी रक्तात एलएच, एफएसएच (अंडाशयाला जागे करणारी पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स), इस्ट्रॅडिओल (स्त्री-हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची चाचणी). मुलीत ८ वर्षांआधी स्तनवाढ म्हणजे वेळेआधीच; ती लवकर वयात येण्याची खूण असू शकते. त्यात वर्षाची उंची सहा महिन्यांत वाढली, म्हणून थांबू नका. नमुना मुंबईला गेला तरी चालेल, पण मापनपद्धत ०.१ आययू/लिटरपर्यंत कमी एलएच पकडते का ते लॅबला विचारा. ०.३ च्या वर आला तर वयात येण्याची सुरुवात मेंदूकडूनच झाल्याची शक्यता जास्त. कमी आला तरी निश्चिंत होऊ नका: सुरुवातीला एलएच फक्त रात्री झोपेत वाढतो. मग उत्तेजन चाचणी (औषध देऊन एलएच किती वाढतो ते पाहणे) लागते.

इंदिरानगर२२: गाठीत सुई घालू देऊ नका, कापू तर नकाच! ती स्तनाची कळी आहे. काढली तर पुढे स्तनच वाढत नाही. एका बाजूने सुरू होणे नेहमीचेच.

सिडकोकर: वयात येणे थांबवायचे इंजेक्शन लागलेच तर?

पंचवटी_बालरोग: मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच (पिट्युटरीला एलएच, एफएसएच सोडायला लावणारे हार्मोन) थांबून-थांबून सोडतो. ल्युप्रोलाइड (त्याच्यासारखेच काम करणारे इंजेक्शन) सतत मिळाले की पिट्युटरी दाद देणे बंद करते. पण आधी हार्मोनची थोडी उसळी येते, म्हणून पहिल्या डोसनंतर किंचित रक्तस्राव होऊ शकतो. ११.२५ मिग्रॅचा डोस दर १२ आठवड्यांनी. तारीख लांबली तर हार्मोनवरचा दाब सुटतो.