‘उपजत मृत्यू’ म्हणजे नेमकं काय?

‘उपजत गुण’ म्हणजे जन्माबरोबर आलेला गुण. मग ‘उपजत मृत्यू’चा अर्थ काय घ्यायचा? जन्मल्याबरोबर आलेला मृत्यू, की मेलेलंच जन्मलेलं मूल? जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शब्द वाचला आणि अडले.

– ताई, नोंदवहीत अर्थ एकच: जिवंतपणाची एकही खूण न दाखवता जन्मलेलं बाळ. ‘मृतजन्म’ म्हणतात तेच. नोंदणीच्या अर्जांत जन्माचा नमुना १, मृत्यूचा २, याचा ३.

पण तुम्ही अडलात ते योग्य जागी. ‘उपजणे’ म्हणजे जन्मणे, त्यामुळे ‘उपजत’ म्हणजे जन्मता-जन्मता. ‘उपजतच गेलं’ असं सांगणाऱ्या आजीच्या मनात दोन श्वास घेऊन गेलेलं बाळही असतं. मी आरोग्यसेविका होते. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, पाड्यांना रस्ता नाही. मी पोचेपर्यंत बाळ पुरलेलं असायचं. ‘रडलं होतं का?’ ‘न्हाई.’ की लिहिलं उपजत. न रडलेल्या बाळाचीही नाळ धडधडत असेल, हात हलला असेल, तर ते जिवंत जन्मलं, हे मला फार उशिरा कळलं. त्या बाळाचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. अशी किती बाळं मी चुकीच्या रकान्यात टाकली, हे आजही मनाला लागतं.

अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे मोजतात. उपजत लिहिलेलं बाळ त्यात येतच नाही. जन्मताना गुदमरून गेलेली बाळं कागदावर दिसलीच नाहीत, तर त्यांना श्वास द्यायला शिकवण्यासाठी पैसे कोण मागणार? गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातलीच बाई शिकवून तयार केली आणि घरच्या बाळंतपणाला हजर ठेवली. बाळ जन्मताना बघणारी, त्याला श्वास देणारी आणि नोंद करणारी एकच. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. २०११ पासून देशभर आशाताईंच्या नवजात बाळासाठी घरभेटी सुरू झाल्या: दवाखान्यात जन्मलेल्याला सहा, घरी जन्मलेल्याला सात.

– मग ‘मृतजन्म’च रूढ करावा का?

– कागदावर जरूर करा, त्यात गोंधळ नाही. घरात मात्र दोन्ही शब्द काढू नका. बाळंतिणीजवळ बसा, तिला पाणी द्या, आणि सुईणीला विचारा: नाळ धडधडत होती का? बोट हललं का? आचका दिला का? कुठला रकाना ते नंतर आपण ठरवायचं.