कोकणातली जुनी गाडी क्लब रेसिंगला: आधी पत्रा की आधी इंजिन?

पेटीआंबा (धागाकर्ता)

जुनी गाडी रेसिंगला तयार करायची म्हटलं की पैसे पहिल्यांदा कुठे जातात? कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडचं पोर्टिंग (हवेचे मार्ग मोठे करणं), आवाज करणारा एक्झॉस्ट. ब्रेकचा नंबर उरल्यासुरल्यात. देवगड-मालवण-रत्नागिरी पट्ट्यात वीस पावसाळे काढलेल्या गाडीला हा क्रम लावू नये, असं माझं ठाम मत आहे. निम्म्याहून जास्त पैसे पत्रा, केज (आतला लोखंडी नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा) आणि ब्रेकमध्ये घाला. इंजिन कंपनीचंच राहू द्या.

बोलायला एक गाडी लागते म्हणून 16 व्हॉल्व्हची एमपीएफआय (इंजेक्शनवाली) मारुती एस्टीम धरू: 1298 सीसी, 85 बीएचपी, वजनाला हलकी. हिला स्पोर्ट्स कार म्हणताना काही जण नाक मुरडतील, मुरडू देत. इंजिनाचं घराणं जिप्सी किंगचं, त्यामुळे सामान अजून मिळतं.

गाडी बघताना वरचा रंग बघून काही कळत नाही. कार्पेट आणि खालचं डांबरी शीट काढा, छोट्या हातोडीने फ्लोअर वाजवत जा. चांगला पत्रा ठणकतो, कुजलेला भदभदतो. शंका आली तिथे टोचा. मग चुंबक फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. साइड सिलची (दाराखालच्या पोकळ पट्टीची) खालची पाणी जायची भोकं लाल चिखलाने बुजतात, पाणी आतच राहतं आणि सिल आतून कुजत बाहेर येते. बाहेर फोड दिसला तेव्हा आतलं काम आटोपलेलं असतं. अशा जागी वरून ठिगळ लावू नका. चकाकता पत्रा लागेपर्यंत कापा, 1 मिमीचा नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवा, झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, पोकळीत वॅक्स. सलग लांब शिवण मारली तर पत्रा तापून वाकतो. टाके टाकत, जागा बदलत जा.

गिअरबॉक्स_चिपळूण

पत्र्याबद्दल वाद नाही. पण "इंजिन कंपनीचंच राहू द्या" हे वाचून लोक इंजिनाचं झाकणसुद्धा उघडणार नाहीत, आणि तिसऱ्या लॅपला तेलाचा दिवा लागेल. रस्त्यावर गाडी इतका वेळ एका बाजूला कलतच नाही. लांब वळणात तेल ऑइल चेंबरच्या भिंतीवर चढतं, पिकअप पाइप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) बेअरिंग खरवडून निघते. पिकअपभोवती बॅफलची, म्हणजे तेल अडवणारी, पत्री वेल्ड करून घेणं हे पॉवर वाढवणं नाही, इंजिन जिवंत ठेवणं आहे.

त्याआधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टर बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार सिलिंडरमधला दाबाचा फरक 1 किलोपेक्षा (दर चौ. सेंमी) जास्त असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर न विचारता बदला.

आणि रेडिएटर. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पापड्या आधी जातात. अंगठ्याने हलकं दाबा. राखेसारखा चुरा बोटाला लागला तर नळ्या कितीही शाबूत असोत, तो रेडिएटर उष्णता सोडणार नाही. बाजारहाटाला तो पुरतो, 6,000 आरपीएमला वीस मिनिटं पुरत नाही.

पेटीआंबा

बॅफल, बेल्ट, रेडिएटर मान्य. ती दुरुस्ती झाली, माझा विरोध कॅमला आहे. कॅम बदलला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खाली गाडी मेल्यासारखी होते. मग गिअरिंग बदला, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदला. शिवाय कॅम-इसीयूमुळे गाडी वरच्या क्लासमध्ये ढकलली जाऊ शकते. नियमपुस्तिका आधी वाचा.

घाटमाथा

दोघंही एक प्रश्न टाळताय. मुळात किनाऱ्यावरची गाडी घ्यायचीच कशाला? सोलापूर-सांगलीकडची कोरड्या हवेतली गाडी थोडी महाग मिळते, पण फ्लोअर, सिल आणि स्ट्रट टॉवरचं (सस्पेन्शन वर जिथे बसतं त्या भागाचं) पत्राकाम धरलं तर तीच स्वस्त पडते. माझा नियम: केजचे पाय जिथे बसणार त्या सहा जागांपैकी दोन जागी टोचणी आत गेली, तर गाडी सोडा.

तांडेल_मालवणी

घाटमाथा साहेब, सांगलीची गाडी हयसर आणून दोन पावसाळे उघड्यावर ठेवली काय तीय आमचीच जाता! 😄 पण पेटीआंबांका सांगतंय, पत्रो कुसलो तर इंजिनाक काय पुजतलंस, ह्या बरोबर.

आता मराठीत. पत्र्याची एवढी भीती असेल तर सॅन स्टॉर्मचा विचार करा. गोव्यात बनलेली दोन सीटची गाडी, अंग फायबरचं, रेनोचं 1149 सीसी इंजिन. एस्टीमपेक्षा नावाला तरी खरी स्पोर्ट्स कार. फायबर फुटलं तर होड्यांचं काम करणारा कारागीर मॅट-रेझिनने सांधून देईल. किनाऱ्यावर त्या हातांना तोटा नाही.

गिअरबॉक्स_चिपळूण

तांडेल, फायबर कुजत नाही, पण खालचा सांगाडा लोखंडाचाच, आणि वरचं अंग चांगलं दिसतं म्हणून तो कोणी बघत नाही. शिवाय मोजक्याच बनलेल्या गाडीचं सामान कुठून आणणार? संग्रहाला ठेवा. ट्रॅकवर गाडी ठोकणार हे धरूनच ती निवडायची असते. होडीवाल्याकडून एस्टीमचं फायबर बॉनेट मात्र जरूर करून घ्या, वरच्या बाजूला बॉनेट पिना लावून.

नटबोल्ट

केजवर कोणी बोलेना, म्हणून लिहितो. फॅब्रिकेटरच्या दुकानात पडलेला जीआय पाइप वापरू नका. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमात मुख्य हूपला (सीटमागच्या कमानीला) कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप लागतो, 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिमी. बाकीच्या नळ्या 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. मुख्य आणि पुढच्या हूपच्या बोल्टने बसवायच्या प्रत्येक पायाखाली किमान 3 मिमी जाडीची, 120 चौ. सेंमीची प्लेट, म्हणजे तळहाताहून थोडी मोठी, आणि किमान तीन एम8 बोल्ट, 8.8 ग्रेडचे. प्लेट कशासाठी? गाडी उलटली की पूर्ण वजन पायावर येतं आणि पातळ फ्लोअर पंच केल्यासारखा फुटून पाय खाली जातो. गंजलेल्या फ्लोअरवर तीच प्लेट निरुपयोगी. पेटीआंबांचा क्रम इथे सिद्ध होतो.

किनाऱ्यावरची खास चूक: गंजत नाहीत म्हणून बंदरावरच्या दुकानातून स्टीलचे, म्हणजे एसएसचे बोल्ट आणून सीट, बेल्ट, केजला लावणं. नेहमीचा ए2-70 ग्रेडचा एसएस बोल्ट 700 मेगापास्कल ताणाचा, 8.8 चा 800 चा. त्यात डोक्यावर काहीच न कोरलेले एसएस बोल्टही खपतात. 8.8 चे काळे बोल्ट लावा, ग्रीस चोपडा, दर पावसाळ्यानंतर बदला. किंमत चहा-वड्याएवढी.

आणि केज लावलेली गाडी रस्त्यावर नको. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीच्या मूळ रचनेत बदल) प्रश्न, दुसरं म्हणजे हेल्मेट नसलेलं डोकं आणि लोखंडी नळी. चेन्नई असो वा कोइम्बतूर, गाडी ट्रेलरवरून न्या. आंबा घाटात "टेस्टिंग" करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

घाटमाथा

केज बरोबर. पण बोल्टचा का? वेल्ड केलेला केज शेलला (गाडीच्या पत्र्याच्या अंगाला) ताठ करतो, गाडी वळणात जास्त खरी वागते.

नटबोल्ट

खरी वागते, आणि प्लेटच्या कडेने पाणी शिरलं की आतून कुजते. बोल्टचा पाय उघडून बघता येतो. कोकणात मी बोल्टच म्हणेन; तुमच्या सांगलीत वेल्ड करा.

गिअरबॉक्स_चिपळूण

ब्रेकबद्दल एकच. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, आणि इथल्या हवेत पाण्याला काय तोटा! नवं डॉट 4 किमान 230 अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर मानकातली किमान मर्यादा 155. कॅलिपर तापला की त्यात वाफ होते, वाफ दबते, पेडल फ्लोअरला टेकतं. डिस्कला खाचा मारून यातलं काही सुटत नाही. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सीलबंद डबा फोडून सगळं फ्लुइड बदला, उरलेलं टाकून द्या. डॉट 5.1 मिळालं तर 260 आणि 180. नुसतं डॉट 5 सिलिकॉनचं, ते यात मिसळू नका.

मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर उघडून रबर बूट मागे सारा. आत तांबडं पाणी दिसलं तर सिलिंडर नवा. पावसाळ्यात गाडी हँडब्रेकवर उभी ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

पेटीआंबा

मग कूलंट? त्यातलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर तेलासारखं निसरडं, म्हणून बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

गिअरबॉक्स_चिपळूण

डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याजवळ ते मचूळ असतं आणि ॲल्युमिनियमचं हेड खातं. घरी परतल्यावर ते काढून पुन्हा कूलंट भरा, झाकणावर तारीख लिहून ठेवा.