विषय: रॅगब्रायच्या कॅरसना निरोप कसा द्यायचा?

मंडळी, नमस्कार.
जॉन कॅरस या नोव्हेंबरात (२०२१) गेल्याचं बहुतेकांनी वाचलं असेल. वय ९१ होतं. रॅगब्राय, म्हणजे अमेरिकेतलं आयोवा राज्य आठवडाभरात पार करणारी दरवर्षीची सायकल राइड, त्यांनीच सुरू केली. आपल्यातले जे दर जुलैत आठवडाभर आयोवाच्या मक्याच्या शेतांमधून सायकल हाकतात, त्यांना ते कोण होते हे सांगायला नकोच. डिसेंबरच्या सभेत श्रद्धांजली ठेवावी असं समितीत ठरतंय. फोटोला हार, दीपप्रज्वलन आणि चार मनोगतं, प्रत्येकी पाच मिनिटं. बोलणाऱ्यांनी नावं कळवावीत.
– सचिव

सचिवसाहेब,
आपल्याकडे चार जणांची पाच-पाच मिनिटं म्हणजे तास गेला! त्यातून कॅरस पडले कॉपी एडिटर. दुसऱ्यांची वाक्यं छाटणाऱ्या माणसाला आपण भाषणं वाहणार?

एक दुरुस्तीही करतो. राइड त्यांनी एकट्याने सुरू केली नाही. १९७३ मध्ये त्यांनी 'दे मॉइन रजिस्टर' या पेपरमधले आपले सहकारी, सदरलेखक डोनाल्ड कॉल यांना सुचवलं, की सायकलवरून आयोवा पार करा आणि वाटेत दिसेल ते लिहा. कॉल म्हणाले, तुम्ही येत असाल तर जातो. मग पेपरातूनच वाचकांनाही निमंत्रण गेलं. व्यवस्थेची सगळी उस्तवार डॉन बेन्सन यांच्या गळ्यात पडली. (मंडळात दरवर्षी ज्यांच्या गळ्यात हॉलचं बुकिंग पडतं, त्यांना बेन्सन जवळचे वाटतील.) कॉल २०१८ मध्ये गेले, नेमके त्या वर्षीची राइड सुरू झाली त्याच दिवशी. तेव्हा आपण साधी मेलही टाकली नव्हती.

कॅरसच्या नावाचं काहीतरी तर त्यांच्या हयातीतच झालंय. कॅरस लूप. एका दिवसाच्या मार्गाला जोडलेला जादा फेरा. घेतला तर त्या दिवसाचे शंभर मैल भरतात, टाळला तर कुणी विचारत नाही. एखाद्याच्या नावाने रस्ता असतो, पूल असतो, पण वाट वाकडी करून जास्त दमायची सोय कुणाच्या नावाने केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. येत्या जुलैत मंडळातल्या जमेल तितक्यांनी तो फेरा करावा. बास.
– एम्सकर

सर्वांस विनंती: या निमित्ताने कुणीही वारीची उपमा देऊ नये. मागच्या अंकात ती तीन लेखांत होती आणि तिन्ही मीच तपासले.
– स्मरणिकेचा संपादक

एम्सकर भाऊजी,
शंभर मैल तुम्ही आणि तुमची ती कार्बनची सायकल आरामात काढाल. आम्ही काय करायचं? दरवर्षीसारखं गाडीत बसून तुमच्या बॅगा पुढच्या गावाला पोचवायच्या?

इतिहास तुम्ही काढलाच आहे तर पुरता सांगा ना. पहिल्या वर्षी सू सिटीहून तीनशेच्या आसपास लोक निघाले आणि सगळं अंतर पार केलं ते ११४ जणांनी. त्यात इंडियनोलाचे क्लॅरन्स पिकार्ड होते, वय वर्षं ८३. बायकांची श्विन सायकल, डोक्याला सोला हॅट आणि ऑगस्टच्या उन्हात आतून लांब लोकरी कपडे! दे मॉइन ते विल्यम्सबर्ग हा ११० मैलांचा टप्पाही आजोबांनी पार केला. सायकल कुठली, वेग किती, सराव केलाय का, असं विचारत बसले असते तर आजोबा घरीच राहिले असते.

माझ्याकडे टोपलीची सायकल आहे. तिच्यावरून मी फक्त वाचनालयात जाते. मला एक दिवस, एकच, सगळ्यांबरोबर चालवायची आहे. लूप नको. आणि 'वहिनी, जपून' म्हणत कुणी मागून यायचं नाही.
– सीडर रॅपिड्सकर वहिनी

वहिनी,
मान्य. बॅगांचं खरंच कधी लक्षात आलं नाही. लूप मी करणारच, तो हट्ट सुटणार नाही, पण दुसऱ्या कुठल्याही दिवशी तुमच्या बॅगा गाडीतून मी नेईन. मार्ग जानेवारीत जाहीर होईल, मग दिवस तुम्ही निवडा. शेवटचा निवडलात तर बरं, म्हणजे प्रथेप्रमाणे पुढचं चाक मिसिसिपी नदीत बुडवायला मिळेल. मिसुरी नदीत मागचं बुडवायला पहिल्या दिवशी यावं लागतं आणि तिथे चढ फार.
– एम्सकर

मंडळी,
मनोगतं रद्द. फोटो राहील, कॉल आणि बेन्सन यांचेही मिळवतो. एक मिनिट शांत उभं राहू. मग ज्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या सायकली पडल्यात त्यांनी त्या आणाव्यात. एम्सकर आणि संपादक ब्रेक, चेन, ट्यूब बघून देतील (संपादकांना हे इथेच कळतंय, क्षमस्व). नवीन येणाऱ्यांची यादी वहिनी करतील.

हॉलवाल्यांना विचारलं, सायकली आत चालतील का. म्हणाले, चाकं पुसून आणा.
– सचिव