‘क्वीअर अवकाश’ की ‘क्वीअर वावर’?

विचारणा : विज्ञानपटांतली शहरं आणि तिथल्या रस्त्यांवर, चौकांत दिसणारी क्वीअर (समलिंगी, ट्रान्स अशी, लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेरची) माणसं यांवर लेख लिहितेय. समीक्षेत ‘पब्लिक स्पेस’साठी ‘सार्वजनिक अवकाश’ रुळलाय, म्हणून ‘क्वीअर अवकाश’ लिहिलं. मैत्रिणीने वाचला, तर तिला लेख अंतराळाबद्दल वाटला. दुसरा शब्द आहे का? आणि ‘क्वीअर’ला?

प्रतिसाद : तिची चूक नाही. अवकाश म्हणजे मोकळी जागा, ‘अजून अवकाश आहे’मधली सवड आणि अंतराळही. विज्ञानपटाचा विषय निघाला की शेवटचा अर्थच आधी धावून येतो.

नुसतं ‘जागा’ तोकडं पडतं. फलाट ही जागा. पण तिथे कोण किती निर्धास्त उभं राहू शकतं, हे त्या शब्दात नाही. ‘चव्हाटा’ म्हणजे चार वाटा मिळतात ते ठिकाण, पण आज चव्हाट्यावर येणं म्हणजे अब्रू जाणं. ‘चारचौघांत’मध्येही रोखलेले डोळे आहेतच. उघड्या जागेचे आपले हे शब्द लाजेला इतके चिकटलेले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

मी ‘वावर’ घेईन. त्यात जागा आहे आणि तिथलं सहज असणंही. (वऱ्हाडीत वावर म्हणजे शेत, तेही मला आवडतं.) लिझी बोर्डन यांचा ‘बॉर्न इन फ्लेम्स’ (१९८३) हा चित्रपट घ्या. क्रांतीनंतरचं न्यू यॉर्क, तरी रस्ता बायकांचा झालेला नाही. भर रस्त्यात पुरुष एका बाईवर हात टाकतात, आणि शिट्ट्या फुंकत सायकलवरच्या बायका येऊन त्यांना घेरतात. जागा तीच, वावर बदलला.

‘क्वीअर’ तसाच ठेवा. आधी ‘विचित्र’, मग शिवी, आणि १९९० च्या सुमारास, ज्यांना ती दिली जायची त्याच लोकांनी अभिमानाने उचललेलं नाव. ‘विलक्षण’मध्ये कौतुक आहे, ‘समलिंगी’ अपुरा आहे. शिवी खाऊन परत आलेला शब्द आयता कुठून आणणार?

विचारणा : ‘वावर’ पटला. आता ‘द मेट्रिक्स’मधल्या (१९९९) स्विच या पात्राचं काय करू? त्यामागची मूळ कल्पना चित्रपटाच्या सहदिग्दर्शिका लिली वाचोवस्की यांनी २०२० मध्ये सांगितली होती : हे पात्र खऱ्या जगात पुरुष आणि आभासी शहरात स्त्री असणार होतं. चित्रपटात ते राहिलं नाही. पण कल्पनेबद्दल लिहिताना ‘स्विच आला’ की ‘आली’?

प्रतिसाद : ‘आले’ लिहिलं तर पुल्लिंगी, ‘आल्या’ लिहिलं तर स्त्रीलिंगी, भूतकाळात सुटका नाही. वर्तमानात लिहा : ‘स्विच येतात, स्विच बोलतात.’ आदरही राहतो. सर्वनाम मात्र गाळा, ‘ते’ किंवा ‘त्या’ आलं की पुन्हा तिथेच अडकाल. नाव दोनदा आलं तरी चालेल.