सांगलीत बैठं घर घेतलंय, पुराची तयारी कशी करू?

मांजराकाठ

नमस्कार. मी मूळचा लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही हंड्या-कळशांत भरून पुरवून पुरवून वापरलं. आता नोकरीमुळे सांगलीत आलोय आणि मार्चमध्ये कर्नाळ रोडच्या बाजूला जुनं बैठं घर घेतलं. घरात आई (७१, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), बायको आणि चौथीतली मुलगी. वर नुसती गच्ची, जिन्याच्या तोंडाशी पत्र्याची छोटी खोली.

व्यवहाराच्या वेळी मूळ मालक म्हणाले होते, "पाणी येतं, पण फार नाही." आता शेजारी वेगळंच सांगतात. माझ्या डोक्यात असं आहे की दोन्ही दारांना ॲल्युमिनियमची फळी आणि रबराची पट्टी बसवावी आणि उंबऱ्याबाहेर दीड फुटाचा कट्टा बांधावा. एवढ्यानं भागेल का? पाणी साठवायचं कसं ते आम्हाला कळतं, पाण्यापासून घर राखायचं कसं ते खरंच कळत नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

तिसरा मजला

फळी तुंबलेल्या पाण्यासाठी ठीक. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लावलीय, फूटभर पाणी अडतं. पण माझ्या भावाचं चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला तिथं पाणी शटरच्या निम्म्याहून वर गेलं आणि शटरच आत वाकलं. नदीच्या पुराला फळी पुरत नाही.

शिवणकाकू

दादा, मी गावभागात राहते, वय ६३. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पूर याच घरात काढले. फळीचं नंतर बोलू. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. आधी तुमचा उंबरा आयर्विनच्या किती फुटांना बुडतो तो आकडा काढा.

आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पण हे आकडे सगळ्या शहराचे झाले. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना ४५ ची वाट बघून चालत नाही, त्यांच्या दारात पाणी कितीतरी आधी येतं. २०१९ ला पाणी साधारण साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. शेजारच्यांना विचारा त्या वेळी भिंतीवर कुठवर आलं होतं. कुणाच्या तरी भिंतीवर गाळाची रेघ अजून असेल. तुमच्या उंबऱ्याच्या पातळीपासून त्या रेघेपर्यंत टेप लावा आणि ते माप साडेसत्तावन्नातून वजा करा. नदीला उतार असतो, म्हणून तंतोतंत येणार नाही, पण चालण्यापुरता अंदाज येतो. माझा उंबरा ५२ ला बुडतो. मधल्या खोलीच्या दारामागे मी तो खडूनं लिहून ठेवलाय.

आता फळी. २००५ ला आमच्या ह्यांनी पुढचं दार पोती आणि शाडू लावून बंद केलं होतं. दारातून एक थेंब आला नाही. पाणी आलं न्हाणीच्या मोरीतून, मग संडासातून, आणि तेही काळं, गटारीचं. तासाभरात आतबाहेर सारखं झालं. तेव्हा गुडघ्याच्या थोडं वर होतं म्हणून निभावलं. समजा मोरीही बुजवली आणि बाहेर चार फूट पाणी, आत कोरडं, तर सगळा भार भिंतीवर येतो. जुन्या घराची जोडाई मातीत असेल तर भिंत आत येईल. त्यापेक्षा पाणी आत येऊ द्यावं. फळीचे पैसे माळ्याला घाला. मधल्या खोलीत आठ फुटांवर लोखंडी अँगलचा मजबूत माळा करून घ्या, गच्चीवरच्या खोलीला चांगली कडी लावा. मोरीला जाळीच्या खाली झडपेचं तोंड मिळतं ते बसवा आणि पाणी वाढायला लागलं की संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवा. त्यानं पूर थांबत नाही, पण आधीची घाण थांबते आणि उचलाउचलीला वेळ मिळतो.

हा वेळ फार मोलाचा आहे. २०१९ ला तो माझ्या हातात होता आणि मी घालवला. गौरी-गणपतीच्या शिवणाचे दिवस. गिऱ्हाइकांची ४२ ब्लाउजपिसं कापून कपाटात ठेवलेली. मला वाटलं २००५ एवढंच येईल, म्हणून कपाटाचे वरचे दोन कप्पे पुरतील. पाणी गळ्यापर्यंत आलं. लोखंडी कपाट गाळानं असं बसलं की पाणी उतरल्यावर दार पहारीनं काढावं लागलं. फ्रीज तरंगून आडवा झाला होता आणि पायमशीनवर पडला होता. लोकांच्या कापडाचे पैसे मी पुढं दीड वर्ष फेडले. कुणी मागितले नव्हते. पण एकीच्या आईच्या साडीचं पीस होतं ते, त्याचं काय द्यायचं मला अजून कळलेलं नाही.

२०२१ ला पाणी कंबरेएवढं आलं आणि माझी एक गादी गेली, बस्स. कारण आयर्विनच्या कोणत्या आकड्याला काय उचलायचं हे ठरलेलं होतं. चाळिसाला कागदपत्रं, औषधं, कपडे, गाद्या. गाद्या आधीच, भिजलेली कापसाची गादी चार माणसांना उचलत नाही. त्रेचाळिसाला मशीन, मिक्सर, धान्य, गॅसची सिलिंडरं. रिकामं सिलिंडरसुद्धा वर न्यायचं, रेग्युलेटर काढून, टोपी लावून. फ्रीज दोन गडी बोलावून. पंचेचाळिसाला दारांची फळकटं बिजागरीतून काढून गच्चीवर, नाहीतर फुगून बसतात. पाण्याची टाकी भरून, झाकण बांधून ठेवायची. रिकामी टाकी जागेवरून उठते. आणि ४७ ला आम्ही घराबाहेर, मग पाऊस असो की ऊन.

उन्हाचं मुद्दाम सांगते. सांगलीत पाऊस नाही म्हणून निवांत बसू नका. पूर कोयना खोऱ्यातल्या आणि वारणेच्या पावसाचा असतो. कोयनेतून विसर्ग किती, वारणेतून किती, कोयना खोऱ्यातल्या नवजाला किती पाऊस झाला, एवढं रोज सकाळी बघायचं. आकाश निरभ्र आणि नदी चढतीय असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आईंना मात्र ४७ पर्यंतही थांबवू नका. चाळिसालाच, दिवसाउजेडी, रिक्षानं नातेवाइकांकडे पोचवा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस बोटीत चढवणं सोपं नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली, ते आम्हा कृष्णाकाठच्या लोकांच्या मनातून जात नाही.

वायरमन मिरज

काकूंनी सांगितलेला उंबऱ्याचा आकडा काढा, मग बटनं-सॉकेटांची उंची ठरवा. खालची सॉकेटं एका वेगळ्या एमसीबीवर घ्या, म्हणजे ती बंद करून वरचा दिवा चालू ठेवता येतो. घर सोडताना मेन बंद. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच गच्चीवर न्या. पाणी उतरल्यावर पंखा चालतो का म्हणून बटन दाबून बघू नका. वायरीच्या नळ्यांत पाणी आणि सॉकेटात गाळ असतो. सगळी सॉकेटं उघडून, धुऊन, वाळवून, मेगर (वायरिंगमधून करंट गळतो का ते दाखवणारं यंत्र) लावून तपासल्याशिवाय लाइट सुरू करायची नाही. मोटरसायकल, कार यांचंही तसंच. पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला की इंजिन जातं, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फळीचा विचार सोडला. घराच्या विम्याचं कुणी सांगेल का?

तिसरा मजला

'भारत गृह रक्षा' मागा. एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे, त्यात पूर येतो. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. दागिने वेगळे दाखवावे लागतात. आजच प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. सरकारी पंचनाम्यालाही तो कामाला येतो.

शिवणकाकू

आणखी एक राहिलं. पूर उतरताना घरी या, उतरल्यावर नको. पाणी घोट्याएवढं राहिलं की खराटा आणि फावडं घेऊन गाळ त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. पाणी गेलं आणि दोन दिवस ऊन लागलं की तो फरशीला असा धरतो की खरवडून काढावा लागतो. पायात गमबूट, हातात काठी, साप कपाटाखाली असतात. पायाला जखम असेल तर डॉक्टरांना विचारून लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणारा ताप) गोळ्या घ्या. आणि मातीची भिंत असेल तर तिच्याजवळ आठ-दहा दिवस झोपू नका. पाणी असताना उभी राहते, वाळताना पडते.

मांजराकाठ

काकू, आज रविवार, माप घेतलं. शेजारच्या आजोबांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर रेघ आहे, आमच्या उंबऱ्यापासून साडेसहा फुटांवर. म्हणजे आमचा उंबरा ५१. मुलीनं खडू आणून दारामागे लिहिला, आणि त्याच्याखाली "आजी ४०" असंही. अँगलवाल्याला बुधवारी बोलावलंय.