मदत हवी आहे: क्लेबसिएला जंतू अर्टापेनेमला रेझिस्टंट, मेरोपेनेमला सेन्सिटिव्ह (दोन्ही कार्बापेनेम गटातली अँटिबायोटिक्स). पोरिन, म्हणजे औषध आत जाण्याचं आवरणातलं छिद्र-प्रथिन, गेलंय हे कसं दाखवू?

कृष्णाकाठ:
नमस्कार. सांगलीत एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मिरजेच्या एका लॅबमधून लघवीच्या नमुन्यांतले क्लेबसिएला न्यूमोनिए मिळालेत. त्यातल्या एकानं डोकं खाल्लंय. अर्टापेनेमचा झोन (औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) १६ मिमी, म्हणजे सरळ रेझिस्टंट. मेरोपेनेमचा २४, म्हणजे सेन्सिटिव्ह. ईएसबीएल (पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन तोडणारं एन्झाइम) पॉझिटिव्ह. एमसिममध्ये (कार्बापेनेमेज, म्हणजे कार्बापेनेम तोडणारं एन्झाइम, शोधायची चाचणी) झोन २१ आला, म्हणजे कार्बापेनेमेज नाही.

बाहेरच्या आवरणातली ओएमपीके३५ आणि ओएमपीके३६ ही पोरिनं गेली असावीत असा संशय आहे. पण ईएसबीएल तर कार्बापेनेम तोडत नाही म्हणतात, मग दार बंद झाल्यानं एवढा फरक का? आणि मेरोपेनेम कसं चालतं? म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये वाढवून प्रथिनं आकारानुसार वेगळी करायला जेल लावलं, तर ३५ ते ४० किलोडाल्टनच्या पट्ट्यात सगळं एकात एक मिसळलेलं. सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत. गाइड सर म्हणतात "बघा जमतंय का".

पेट्रीडिश:
ईएसबीएल तोडत नाही असं नाही, फार हळू तोडतं. पोरिनं शाबूत असताना औषध इतकं आत येतं की त्या हळू तोडण्याला कुणी विचारत नाही. कोयनेत आवकच घटली, तर दरवाजे थोडेसे उघडे असले तरी पातळी चढत नाही. आवरणाच्या आतल्या पोकळीत औषधाचं तसंच होतं. म्हणून नुसतं पोरिन जाणं किंवा नुसतं ईएसबीएल असणं सहसा पुरत नाही, जोडी लागते.

अर्टापेनेमवर निव्वळ ऋण भार असतो आणि या पोरिनांना धन भार जवळचा. त्यामुळे ते मुळातच अडखळत आत शिरतं, वाट अरुंद झाली की पहिला फटका त्यालाच. मेरोपेनेमवर दोन्ही भार असल्यानं ते निभावतं. स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूत उलटं दिसतं: त्याचं ओपीआरडी हे पोरिन गेलं की इमिपेनेम हे कार्बापेनेम आधी पडतं.

जुना_लॅबवाला:
ताई, आधी ओएक्सए-४८ या कार्बापेनेमेज गटाच्या जनुकांसाठी पीसीआर करा. ती एन्झाइमं कार्बापेनेम मंद तोडतात. एमसिम निगेटिव्ह आली म्हणून पोरिनवर खापर फोडू नका.

जेलचं: म्युलर-हिंटनमध्ये क्षार जास्त, त्यात ओएमपीके३५ चांगल्या क्लेबसिएलातही दबलेलंच असतं. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्येही वाढवा आणि दोन्ही शेजारी लावा. सारकोसिल या डिटर्जंटनं आतलं आवरण विरघळतं, बाहेरच्या आवरणातली प्रथिनं तळाशी बसतात, तीच घ्या. नमुना उकळायचाच, नाहीतर पोरिनांची तिकडी (तीन-तीन एकत्र जोडलेली) सुटत नाही आणि बँड वरच अडकतो. जेलमध्ये युरिया घातला तर बँड वेगळे होतात. ओएमपीए हे बाहेरच्या आवरणातलं दुसरं प्रथिन कायम दिसायला हवं. तेच नसेल तर पोरिन गेलं म्हणण्यात अर्थ नाही, तुमची प्रथिनंच गेलीत.

कृष्णाकाठ:
धन्यवाद दोघांना. उकळलं नव्हतं, नुसतं गरम केलेलं. कंट्रोल म्हणून ई. कोलाय २५९२२ हा प्रमाण स्ट्रेन चालेल का?

जुना_लॅबवाला:
एमसिमला तो प्लेटवर पसरायला लागतो, कंट्रोल म्हणून नाही. जेलला नको, त्याची पोरिनं ओएमपीएफ आणि ओएमपीसी, बँड जुळवताना घोळ होईल. तुमच्याच संग्रहातला सगळ्या कार्बापेनेमना सेन्सिटिव्ह असलेला क्लेबसिएला घ्या.